अनोळखी पुरुष, वय अंदाजे तीस

४ फेब्रुवारी

आकडेशास्त्री यांसी, आत्याकडून.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन का केला नाहीस, असं तू म्हणशीलच. चोवीस वर्षं रुग्णवाहिकेवर नर्स म्हणून काढल्यावर फोन वाजला की माझा हात आधी बुटांकडे जातो. शिवाय फोनवर तू ‘हो आत्या, बघतो आत्या’ करून निसटतोस. चार वर्षं शाळेसाठी माझ्या घरी राहिलास, माझ्या टिल्लूच्या शेजारच्या गादीवर झोपलास, तुझ्या सगळ्या युक्त्या मी कोळून प्यायले आहे. कागदाला मात्र उत्तर द्यावं लागतं.

तर तुमच्या आरोग्य खात्याचं पत्र आमच्या रुग्णवाहिका केंद्राला आलं आहे. ‘उपलब्ध माहितीच्या विश्लेषणानुसार आपल्या शहरातील ओव्हरडोसच्या घटना निकषापेक्षा कमी आढळल्याने’ इथपर्यंत मी मोठ्याने वाचलं आणि ब्रेकने चहाचा कप खाली ठेवला. (ब्रेक म्हणजे आमचा ड्रायव्हर. का म्हणतात ते त्याच्या गाडीत मागे बसलास की कळेल.) पुढचं वाक्य असं की एकतीस मार्चनंतर राज्याचा निधी बंद, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या बाईचं पदही बंद.

ही बाई कोण ते तुला सांगते, कारण तुमच्या कागदावर ती ‘पाठपुरावा सेविका’ असेल आणि त्यावरून काही कळत नाही. नशेच्या गोळ्या जास्त होऊन माणसाचा श्वास थांबतो, आम्ही जातो, नाकात उताऱ्याचा फवारा मारतो. तो उठून बसतो, आम्हाला चार शिव्या देतो आणि चालू लागतो. आमचं काम तिथे संपतं. तिचं दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतं. आमच्या फॉर्मवरून नाव-पत्ता घेते आणि दार वाजवते. दोन फवारे घरात ठेवायला देते, ते कसे मारायचे हे घरच्यांना शिकवते आणि अर्धा तास नुसती बसते. उपदेश करत नाही. डॉक्टरकडे जायचं म्हणालं कुणी, तर वेळ घेऊन सोबत जाते. गेल्या वर्षात सात जण तिच्यामुळे उपचाराला लागले. तुझ्या हिशेबी सात म्हणजे काहीच नसेल, पण आमच्या गल्लीबोळात ते सात चेहरे मला रोज भेटतात.

आणि घटना कमी? आमच्या गाडीचे टायर बघ म्हणावं. तुम्ही तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकता. कुठल्या शहाण्याने हा हिशेब मांडला ते तेवढं शोधून काढ आणि मला कळव. बाकीचं मी बघते.

टिल्लू तुझी आठवण काढतो. पाठ अजून धरते त्याची. सहा फूट उंचीचा गडी, पण गोदामातल्या त्या पेट्यांनी वाकवला. बाकी बरं.

जेवत जा वेळेवर.

तुझी आत्या

११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं, आणि मी ते सगळ्यांसमोर उघडलं हे चुकलंच. मला ‘आकडेशास्त्री’ म्हणून हाक मारायला इथे दोघांनी सुरुवातही केली आहे.

तू ज्या शहाण्याला शोधते आहेस तो मीच आहे. आता शिव्या द्यायच्या तर दे, पण आधी ऐकून घे.

राज्याकडे या कामाला निधी मर्यादित आहे. पूर्वी तो कसा वाटला जायचा माहीत आहे? ज्या शहराचा पुढारी मोठ्याने ओरडेल त्याला जास्त. म्हणून ठरलं की आता फक्त आकडे बघायचे. वर्षात वीस किंवा जास्त घटना असतील तिथे फवारे आणि एक सेविका. कुणाची ओळख नाही, वशिला नाही. या पद्धतीवर मी दोन वर्षं घातली आहेत, आत्या. मागच्या महिन्यात साहेबांनी भरल्या बैठकीत माझी पाठ थोपटली.

पण केंद्रांकडून येणारी माहिती म्हणजे नुसता गोंधळ असतो. महिन्याचे फॉर्म एकगठ्ठा पाठवतात, मधेच मशीन अडकतं, मग तोच गठ्ठा पुन्हा पाठवतात. आमच्याकडे जी तारीख उमटते ती पाठवल्याची, घटनेची नव्हे. त्यामुळे एकच माणूस दोनदा, तीनदा मोजला जायचा. म्हणून मी एक नियम केला: नाव, वय, ठिकाण, फॉर्म भरणाऱ्याचा क्रमांक हे सगळं तंतोतंत जुळलं, तर तारीख काहीही असो, तो एकच फॉर्म समजायचा.

तुमच्या शहराचे मी मुद्दाम हाताने तपासले. एकूण चोवीस होते. त्यातले नऊ असे: ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे तीस, केंद्रामागची गल्ली.’ नऊच्या नऊ, शब्दाला शब्द. कुणीतरी आळशी माणसाने एकच फॉर्म नऊ वेळा पाठवला आहे हे उघड आहे. नवाचा एक केला, उरले सोळा. ब्रेकला जरा विचार, केंद्रात मशीनवर कोण बसतं ते.

मला वाईट वाटतं आहे, पण नियम सगळ्यांना सारखा. आत्याच्या गावाला वेगळा लावला तर माझ्या दोन वर्षांना अर्थ काय?

टिल्लूला म्हणावं, पत्र लिहीत नाही म्हणून रागावू नकोस. खरंच वेळ होत नाही.

तुझा भाचा

१५ फेब्रुवारी

बाळा,

तो आळशी माणूस मी आहे. नऊही फॉर्म मी भरले, माझा क्रमांक बघ. एकही दोनदा पाठवलेला नाही. नऊ वेळा गेले, नऊ वेळा फवारा मारला आणि नऊ वेळा परत येऊन टेबलाशी बसून फॉर्म भरला.

पहिल्यांदा मे महिन्यात, उन्हं उतरताना. त्याच्या एका पायात बूट नव्हता, तो नंतर ब्रेकला गटाराशी सापडला. तिसऱ्या वेळी भिंतीला टेकून बसला होता, लांबून वाटलं असतं पेपर वाचतोय. ओठ निळे होते. पाचव्या वेळी एका फवाऱ्याने काही झालं नाही, दुसऱ्याने नाही. तिसरा मारला आणि मी मनातल्या मनात आकडे म्हणत होते, तू लहानपणी जिन्याच्या पायऱ्या मोजायचास तसे. बेचाळीसला बोटं हलली. आठव्या वेळी ब्रेक म्हणाला, ‘बाई, तुम्ही बाजूला व्हा, मी करतो,’ तर माझ्या तोंडून त्या बिचाऱ्याला इतकं वाईट बोललं गेलं की दोन दिवस आम्ही बोललो नाही.

हे सगळे मिळून तुझ्याकडे एक.

माणूस एकच आहे, ते खरं. पण जो नऊ वेळा मरता मरता वाचला त्याला तू एकदा वाचलेला म्हणतोस? मग मला सांग, दहाव्या वेळी काय होण्याची शक्यता जास्त आहे, तुझ्या त्या पद्धतीप्रमाणे?

बाकीचे उठून शिव्या देतात. हा उठला की ‘सॉरी’ म्हणतो.

आत्या

२४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

आठवडाभर उत्तर लिहायला बसतो आहे आणि उठतो आहे.

तू विचारलेला प्रश्न मी कुणाला तरी विचारायला हवा होता, कुणी नाही तर स्वतःला. या विषयावरच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर लिहिलेलं असतं की ज्याला एकदा ओव्हरडोस झाला त्याला पुन्हा होण्याचा धोका सगळ्यात जास्त. मला ते तोंडपाठ आहे, मी त्यावर भाषणं दिली आहेत. आणि नियम असा लिहिला की नेमकी तीच माणसं गळून पडावीत.

पण आत्या, मी आता अडकलो आहे. केंद्राने दुरुस्ती पाठवायची मुदत वीस मार्चपर्यंत आहे. त्या नऊ फॉर्मवर नाव, जन्मतारीख आणि घटनेची खरी तारीख घालून केंद्राने पुन्हा पाठवले, तर ते मोजावेच लागतील, चोवीस होतील आणि सेविका राहील. नावं इथे कुणाला दिसत नाहीत, मशीन त्यांचा क्रमांक करतं. पण ‘अनोळखी’चा क्रमांक होत नाही.

आणि एक विचारू का? रागावू नकोस. पहिल्यांदा माणूस अनोळखी असतो, मान्य. दुसऱ्यांदाही असेल. पण तूच नऊ वेळा ज्याला उठवलंस, जो तुला सॉरी म्हणतो, तो नवव्या वेळी अनोळखी कसा? तुला रस्त्यात भेटलेल्या कुत्र्याचंसुद्धा नाव माहीत असतं.

मी खूप विचार केला. ब्रेकच्या घरचं कुणी आहे का? ‘तुम्ही बाजूला व्हा’ असं तो उगाच म्हणाला नसेल. त्याच्यासाठी तू हे पोटात ठेवलं असशील तर तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. पण त्याला समजाव. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं, पण इथे मूठ उघडल्याशिवाय कुणाला काही देता येत नाही.

तुझा भाचा

२ मार्च

बाळा,

ब्रेकला मूलबाळ नाही. त्याच्यावर संशय घेतलास म्हणून तो हसला आणि मग डोळे पुसत गाडी धुवायला गेला.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता अर्थ नाही. तो टिल्लू आहे.

लिहिलं एकदाचं. दहा महिने हा शब्द मला कागदावर लिहिता आला नाही.

पाठीच्या दुखण्यावर डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्या वर्षभर चालल्या. मग डॉक्टरने एकदम बंद केल्या आणि त्याने दुसरीकडून आणायला सुरुवात केली. मला कळलं नाही. चोवीस वर्षं लोकांच्या बुबुळांत टॉर्च मारणारी मी, आणि जेवताना समोर बसलेल्या पोराच्या डोळ्यांत बघितलं नाही. कळलं ते थेट त्या गल्लीत, एक बूट गेलेला.

तुला वाटेल, केंद्राच्या मागेच का? मीही विचारलं. तो म्हणाला, ‘तिथे तू असतेस ना.’ तेव्हापासून ड्यूटीवर दर तासाने मागचं दार उघडून बघते. सुट्टीच्या दिवशी ब्रेक बघतो.

आणि फॉर्म. नावाचा रकाना मी शेवटपर्यंत कोरा ठेवायचे. आमच्याकडच्या औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असते. त्या कपाटात तीच औषधं आहेत जी बाहेर लोक जीव देऊन मिळवतात. नर्सचा मुलगा गोळ्या खातो म्हटल्यावर पहिला संशय कपाटावर जाणार, दुसरा माझ्यावर. आणि खरं सांगू, किल्लीची भीती हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. मला लाज वाटली. दुसऱ्यांच्या आयांना मी सांगत फिरते, ‘यात लाजायचं काही नाही हो, हा आजार आहे.’ स्वतःवर आलं तेव्हा मी लिहिलं ‘अनोळखी’. नंतर तर सवयच लागली, एका दमात सगळा फॉर्म भरून व्हायचा.

आता माझं ऐक. तू तिथे आहेस, नियम तुझाच आहे. नाव न घालता ते नऊ परत घालता येतील का बघ. कुणाला कळणार आहे? बाईचं पद राहील, टिल्लूची अब्रू राहील आणि माझी किल्ली राहील. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही.

आत्या

९ मार्च

प्रिय आत्या,

घालता येतात. एका बोटाचं काम आहे, आणि खरोखरच कुणाला कळणार नाही. तुझं पत्र खिशात ठेवून मी तसा मशीनसमोर बसलोही होतो.

मी ते केलं नाही. का, ते नीट सांगतो, म्हणजे तुला मला शिव्या द्यायच्या तर पुरत्या कारणासकट देता येतील.

तुमचे नऊ परत घालण्याआधी मी सबंध राज्याचे काढून बघितले. असे एकूण तीनशे बारा जण निघाले, पाठवल्याच्या तारखा वेगवेगळ्या महिन्यांतल्या, म्हणजे तोच गठ्ठा पुन्हा आलेला नव्हे. एकाहून जास्त वेळा वाचवलेले आणि माझ्या नियमाने एकदाच मोजलेले. कुठे चारदा, कुठे सहादा. कुठे ‘अनोळखी स्त्री, वय अंदाजे वीस’, सलग पाच. आधी मला ते आळशी माणसांचे फॉर्म वाटले होते. आता प्रत्येक ओळीमागे मला टेबलाशी पेन धरून बसलेलं कुणीतरी दिसतं. आपले नऊ गुपचूप घातले असते तर टिल्लू वाचला असता आणि बाकीचे तिथेच राहिले असते, कारण त्यांची आत्या मला पत्र लिहीत नाही.

म्हणून साहेबांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. तुझं नाव नाही, टिल्लूचं नाही, नियमाचं. त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, ‘अहवाल वर गेला आहे. मी कुठल्या तोंडाने सांगू की आमचा माणूस चुकला? मला एक केंद्र आणून दे. एक तरी केंद्र, जे लेखी सांगेल की हे फॉर्म खरे होते आणि माणूस हा होता. त्यावर मी उभा राहतो. नुसत्या तुझ्या म्हणण्यावर नाही.’ माणूस वाईट नाही, घाबरट आहे. मीही आहे. मला तूर्त त्या कामावरून काढून पगारपत्रकांच्या टेबलावर बसवलं आहे.

मी तुला नाव लिही म्हणणार नाही. तुझी किल्ली, तुझं घर, तुझा मुलगा. पण मुदत वीसपर्यंतच आहे, एवढं लिहितो.

आणखी एक. टिल्लू माझ्यासमोर नऊ ओळींत पडला होता आणि मी त्याला कचरा म्हणून झाडून काढलं. दोन वर्षांत मी त्याला एक पत्र लिहिलं नाही. याचा त्रास नियमापेक्षा जास्त होतो आहे.

तुझा भाचा

१७ मार्च

दादा,

अक्षर ओळखलंस का? आईला वस्तू लपवता येत नाहीत, तुला माहीतच आहे. लहानपणी बिस्किटं पिठाच्या डब्यात ठेवायची आणि झाकणावर पीठ सांडून ठेवायची. तुझी पत्रं तिने उशीच्या अभ्र्यात ठेवली होती, आणि अभ्रा धुवायला मला दिला.

सगळी वाचली. मला वाटलं होतं की मी केंद्रामागे पडतो हे आईला आणि ब्रेककाकांना सोडून कुणालाच माहीत नाही. मग कळलं की राज्याच्या राजधानीत मी चांगला नऊ वेळा पोचलो आहे. एवढा प्रवास मी आयुष्यात केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आईला म्हटलं, ‘लिही माझं नाव.’ ती म्हणाली, ‘नोकरी जाईल.’ मी म्हटलं, ‘माझी गेली तेव्हा तू म्हणाली होतीस, नोकऱ्या येतात-जातात.’ तिने लाटणं उगारलं. मग बसली. मग वेणी घातली आणि म्हणाली, ‘चल.’

आम्ही दोघं मिळून केंद्रप्रमुखांकडे गेलो. आईने पाचव्या वेळेपर्यंतचं सांगितलं, उरलेलं मी सांगितलं. ब्रेककाका दाराशी उभे होते, ते न विचारता म्हणाले, ‘मला पहिल्यापासून माहीत होतं, माझंही लिहून घ्या.’ प्रमुखांनी सगळ्यात आधी किल्ली मागितली. आईने कमरेची सोडून टेबलावर ठेवली. कपाट तिथल्या तिथे तपासलं, एक सुई इकडची तिकडे नाही. तरी चौकशी होईपर्यंत तिला घरी बसायला सांगितलं आहे.

मग कोरे नऊ फॉर्म दिले. दादा, मी शेजारी खुर्चीवर बसलो होतो. तारखा शोधायला प्रमुख जुनी वही काढत होते, तर आई म्हणाली, राहू द्या. नऊही तारखा तिने न बघता लिहिल्या. वारासकट. माझ्या लक्षात त्यातल्या दोन आहेत. सातव्या फॉर्मला ती थांबली आणि मला म्हणाली, ‘या दिवशी तुझ्या आवडीची भाजी केली होती आणि तू आलाच नाहीस.’ मी सॉरी म्हटलं.

काल सोळा तारखेला फॉर्म रवाना झाले. मुदतीच्या चार दिवस आधी, म्हणजे आपल्या घराण्यात पहिल्यांदाच काही वेळेवर झालं.

तुला खरं सांगतो, मी सुटलेलो नाही. सुटलो असं लिहायला मला आवडलं असतं, तुलाही वाचायला बरं वाटलं असतं. पण या घरात एवढ्यात पुष्कळ खोटं लिहून झालं आहे.

तुझ्यावर राग नाही. एकदा ये.

टिल्लू

६ मे

बाळा,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. बाईचं पद राहिलं आणि आमच्यासारख्या अकरा शहरांची पदं परत आली, हे वाचून ब्रेकने गाडीचा भोंगा वाजवला. त्याबद्दल त्याला ताकीद मिळाली. मलाही मिळाली, लेखी, ‘खोटी नोंद केल्याबद्दल’. ती मी घडी करून ठेवली आहे, कारण ती खरी आहे. चौकशीत कपाटाचं काही निघालं नाही. पण सहा महिने गाडीवर जायचं नाही, केंद्रात फोनवर बसायचं. माझ्यासारखीला फोनवर बसवणारा माणूस हुशार म्हटला पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. काल दुपारी टिल्लूला पुन्हा झालं. दहावी वेळ.

घाबरू नकोस, तो आत बसला आहे. माझी सुट्टी होती, मी मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. तो ओट्याशी खाली होता. यावेळी केंद्राच्या मागे नाही, घरी. फवारा माझ्या पर्समध्ये असतोच. एकाने भागलं. ब्रेक आला तोवर तो भिंतीला टेकून बसला होता आणि मी त्याच्या समोर फरशीवर, हातात अजून ओला टॉवेल.

फॉर्म ब्रेकने भरला. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण मी वरून बघत होते. नाव लिहिलं, आडनाव लिहिलं. वय एकतीस. अंदाजे नाही. मग घराचा पत्ता, मजला, दाराचा क्रमांक. मला म्हणाला, ‘बाई, जिना डावीकडचा लिहू की उजवीकडचा?’ मी सांगितलं डावीकडचा.

आज सकाळी साडेनऊला दार वाजलं.

मी उघडलं तर बाई. दहा वर्षं आम्ही एकमेकींना ओळखतो. तिचं पद जाऊ नये म्हणून मी तुझं डोकं खाल्लं, तुझी नोकरी धोक्यात घातली, तिच्या सात माणसांचे चेहरे तुला ऐकवले. आणि बाळा, ती दारात उभी राहिली तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं की गावात ज्याच्याकडे ती कधीच गेली नाही असा एकटा माझा मुलगा आहे. ती फॉर्मवरून जाते. अनोळखीच्या घरी कशी जाणार? नऊ वेळा मी त्याला उठवलं, आणि नऊही वेळा दुसऱ्या दिवशीची सकाळ त्याच्याकडून मीच काढून घेतली.

तिने मला काही विचारलं नाही, ओळखही दाखवली नाही. सगळ्यांच्या घरी जशी उभी राहते तशी पिशवी खांद्याला लावून उभी. कागदावर बघून त्याचं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाली, ‘आहेत का घरी?’

मी म्हटलं, ‘आहे.’

ती म्हणाली, ‘याआधी आमच्याकडून कुणी आलं होतं?’

मी म्हटलं, ‘नाही. पत्ता दिला नव्हता.’

तिने मान हलवली आणि चपला काढल्या. मी तिला आत घेतलं, त्याच्या खोलीचं दार दाखवलं आणि बाहेर येऊन जिन्यात बसले. हे पत्र तिथेच लिहिते आहे, गुडघ्यावर, म्हणून अक्षर असं. ती साडेनऊला आत गेली आणि आता सव्वादहा झाले. तिचा अर्धा तास केव्हाच उलटून गेला. आतून दोघांचेही आवाज येतात, त्याचा जास्त.

आत्या